गगनबावड्याच्या पानपट्टीवरील व्हेपचे खोके

प्रश्न : गगनबावड्यास रस्त्याकडेला माझी चहाची टपरी व पानपट्टी आहे. पावसाळ्यात करूळ आणि भुईबावडा घाट पाहावयास येणारी तरुण मंडळी ‘व्हेप’ मागतात. एक पुरवठादार म्हणतो, माल निकोटीनविरहित आहे, जीएसटीची पावती देतो. विकावयाचा नसेल तर खोके नुसते पोटमाळ्यावर ठेवा, भाडे देऊ. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहणारा माझा भाचा सांगतो की तिकडे राज्य सरकार कर घेऊन हा माल उघड विकू देते. महाराष्ट्र सरकारचा कर भरून मला हा धंदा करता येईल काय?

– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : करता येणार नाही. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढला, डिसेंबरात संसदेच्या अधिनियमाने त्याची जागा घेतली, आणि तेव्हापासून ई-सिगारेटचे, म्हणजेच व्हेपचे, उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप व जाहिरात ही सर्व कृत्ये कलम ४ अन्वये देशभर मना आहेत. सबब जिचा व्यापारच निषिद्ध, त्या वस्तूवर राज्याने कर किती घ्यावा हा प्रश्नच उद्भवत नाही. निकोटीन नसल्याची सबबही टिकणारी नाही, कारण कोणताही पदार्थ, त्यात निकोटीन असो वा नसो, तापवून श्वासावाटे ओढण्याजोगा वाफारा निर्माण करणारे विजेवरचे उपकरण, त्याचे नाव, रूप आणि आकार काहीही असला तरी, कायद्याच्या व्याख्येत येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळली आहेत, आणि पुरवठादाराचा माल त्यांतला नव्हे हे निराळे सांगणे नलगे.

आपल्या भाच्याचे म्हणणे त्याच्या मुलखापुरते खरे आहे. मिनेसोटा घाऊक किमतीच्या ९५ टक्के कर घेते, कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२२ पासून किरकोळ किमतीवर १२.५ टक्के निराळा कर बसविला, आणि काही राज्ये द्रवाच्या मिलिलिटरवर आकारणी करतात; एकवीस वर्षांखालील गिऱ्हाइकास विकणे मात्र तेथेही सर्वत्र बेकायदा आहे. आपल्याकडील राज्यांच्या हाती तंबाखूच्या बाबतीत इतकी मोकळीक नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर, पिण्याची दारू आणि काही पेट्रोलियम पदार्थ सोडले तर, विक्रीवर स्वतंत्र कर बसविण्याचा राज्यांचा अधिकार संपला. तंबाखूवरील अबकारी तर त्याही आधीपासून केंद्राकडेच आहे. निपाणीच्या जुन्या वखारवाल्यांना हे सांगावे लागत नाही, कारण कच्च्या तंबाखूवरची अबकारी १९४३ साली दिल्लीहून आली आणि १९७९ साली दिल्लीनेच उठविली. सार्वजनिक आरोग्य हा विषय मात्र राज्याचा आहे, आणि २०१८ साली महाराष्ट्राने हुक्का पार्लर बंद केले.

पुरवठादाराच्या पावतीविषयी थोडे कठोर लिहावे लागते. करभरणा हा परवाना होत नाही. उलट ती पावती खरी असल्यास, माल कोणी, कोणास व केव्हा दिला याचा पुरावा आपणच जपून ठेवल्यासारखे होईल. बेकायदा धंद्याचा नफा आयकरातून सुटत नाही आणि गुन्ह्यासाठी केलेल्या खर्चाची वजावटही मिळत नाही, म्हणजे सरकार दोन्ही बाजूंनी आपल्याला धरील.

पोटमाळ्याची तजवीज मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती निरुपद्रवी दिसते. ई-सिगारेटबंदीच्या अधिनियमाचे कलम ५ केवळ मालाच्या मालकास उद्देशून नाही. जागेचा मालक, भोगवटादार, किंवा जागा ज्याच्या ताब्यात वा वापरात आहे असा कोणीही इसम जाणूनबुजून तेथे साठा ठेवू देईल, तर तो कलम ८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हींस पात्र होतो. खोक्यात काय आहे हे आपण येथे लेखी नमूद केलेच आहे. तेव्हा ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणण्याची वाट आपणच बुजविली आहे. विक्री केल्यास कलम ७ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड आहे. विक्रीचा गुन्हा दखलपात्र असून फौजदाराच्या दर्जाचा पोलीस अधिकारीही दुकानात शिरून झडती घेऊ शकतो. व्हेप ओढणाऱ्या पर्यटकास मात्र या कायद्याने निव्वळ ओढण्याबद्दल शिक्षा सांगितलेली नाही. टपरीवाल्यास ही विषमता बोचेल, पण कायद्याचा रोख व्यापारावर आहे. भाच्यालाही कळवावे की सामानातून भेट म्हणून खोके आणू नये, कारण आयात मना आहे.

खोके अद्याप घेतले नसेल, तर पुरवठादारास आजच स्पष्ट नकार द्यावा. घेतले असेल, तर ते एस.टी.ने किंवा ओळखीच्या गाडीने कोल्हापूरला परत धाडू नये, कारण ती वाहतूकच ठरेल. प्रथम वकिलास भेटावे, त्यांच्या सल्ल्याने मालाची यादी करून तो पोलीस ठाण्यात जमा करावा, आणि जमा केल्याची पोच ठाण्यातून उठण्यापूर्वी हाती घ्यावी.