चरबी उतरावी, स्नायू टिकावेत

बेळगावला तालमीची परंपरा जुनी. लाल मातीत दंड-बैठका काढणाऱ्या पिढीनंतर आता आरशांसमोर घाम गाळणारी पिढी आली आहे. तिच्या निष्ठेविषयी मला आदरच वाटतो. चिंता वाटते ती तिच्या आहाराविषयीच्या घाईची.

काही वर्षांपूर्वी शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आदल्या सायंकाळी एका तेवीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या मित्रांनी माझ्याकडे आणले. पायांत गोळे, नाडी अनियमित, उभा राहताच रक्तदाब खाली. सहा आठवड्यांत त्याने नऊ किलो वजन उतरवले होते आणि अखेरचे दोन दिवस पाणी तोडून, कोणाच्या तरी सल्ल्याने लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या. पोटॅशियम २.६ निघाले. "डॉक्टरकाका, उद्या स्टेजवर उभा राहीन ना?" हाच त्याचा पहिला प्रश्न. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा हा नामवंत शरीरसौष्ठवपटू नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर काही तासांतच दगावला. त्या मृत्यूचा संबंध अशाच निर्जलीकरणाशी जोडला जातो. आमचा तरुण सुदैवाने वाचला.

तो बरा झाल्यावर मी त्याला जे समजावले, तेच येथे मांडतो.

शरीराला ऊर्जा कमी पडली की ते चरबीबरोबर स्नायूंतील प्रथिनेही वापरू लागते. तूट जितकी मोठी आणि शरीरात चरबी जितकी कमी, तितका स्नायूंवरचा भार अधिक. म्हणून आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट इष्ट. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो, त्यावर भुलू नये. तो बहुतांशी ग्लायकोजेन आणि त्यासोबतचे पाणी असते.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. दर किलो वजनामागे रोज १.६ ते २.२ ग्रॅम प्रथिने चार-पाच वेळांत विभागून घ्यावीत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात तरुणांचा आहार चाळीस टक्क्यांनी घटवून त्यांच्याकडून चार आठवडे कसून व्यायाम करवला गेला. दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले, १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलोने घटली, चरबीविरहित वजन मात्र जवळपास तेवढेच राहिले. ही प्रथिने महागड्या डब्यांतूनच मिळतात असे नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने असतात. दही, पनीर, उसळी, मासे आहेतच.

तिसरी गोष्ट, वजने उचलणे सोडू नये. स्नायू हवा आहे, हा निरोप शरीराला त्या भारातूनच मिळतो. हलकी वजने आणि तासन्‌तास धावणे हा उपाय नव्हे.

चौथी गोष्ट झोप. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहार तोच ठेवून झोपेची वेळ साडेआठ तासांवरून साडेपाच तासांवर आणली, तेव्हा चरबीची घट निम्म्याहून कमी झाली आणि स्नायूंसह चरबीविरहित वजनाची हानी वाढली.

व्यवसायबंधूंना एक सूचना. पिळदार शरीराच्या, क्रिएटिन घेणाऱ्या व्यक्तीचे क्रिएटिनिन किंचित वाढलेले दिसले म्हणून मूत्रपिंड बिघडले असे लगेच म्हणू नये, सिस्टॅटिन-सी तपासावे. मूत्रपिंडाचा विकार खरोखरच असेल तर मात्र अधिक प्रथिनांचा सल्ला देऊ नये. आणि गोळ्या-इंजेक्शनांविषयी विचारताना रागावू नये. रागावल्यास खरे उत्तर मिळत नाही.

पुढल्या वर्षी त्या तरुणाने सोळा आठवड्यांत अठ्ठ्याहत्तरवरून एकाहत्तर किलोपर्यंत वजन आणले, पाणी न तोडता. क्रमांक पाचवा आला. पेढे घेऊन त्याची आईच आली. "यंदा तो स्वतःच्या पायांनी घरी आला," एवढेच त्या म्हणाल्या.