हिमाद्री : उत्तर ध्रुवाजवळचे एक घर



डिसेंबर आला की इकडे इंग्लंडमध्ये दुपारी चार वाजताच दिवे लावावे लागतात. रविवारचा वर्ग सुटतो तेव्हा बाहेर काळोख असतो आणि मुले कुरकुरतात. म्हणून या पाठासाठी आम्ही मुद्दाम असे गाव निवडले आहे, जिथे ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य थेट फेब्रुवारीत उगवतो!

हे गाव म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे नी-ऑलेसुंद. तिथून उत्तर ध्रुव सुमारे १२०० किलोमीटर, म्हणजे विमानाने मुंबई ते दिल्ली जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच. पूर्वी तिथे कोळशाची खाण होती. १९६२ साली खाणीत स्फोट झाला, २१ कामगार दगावले आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद पडली. त्या रिकाम्या घरांत पुढे शास्त्रज्ञ राहू लागले. भारताचे पहिले पथक तिथे २००७ साली गेले आणि १ जुलै २००८ रोजी 'हिमाद्री' हे आपले केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार कुठून चालतो, ठाऊक आहे? गोव्यातून! वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून.

असे गाव चालते कसे?

हिवाळ्यात तिथे तीस-चाळीसच माणसे असतात. मोठे सामान बोटीने येते, माणसे छोट्या विमानाने. कोपऱ्यावर दुकान नाही की मेकॅनिक नाही. एखादा सुटा भाग आधीच आणून ठेवला नसेल, तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही. घरांची दारे कुलूप न लावता ठेवतात, कारण पांढरे अस्वल दिसले तर जवळच्या कोणत्याही घरात शिरता यायला हवे. वस्तीबाहेर जाताना बंदूक सोबत असावी लागते.

आणखी एक नियम ऐकून आमच्या घरची मुले थक्क झाली. तिथे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद! त्या गावात फार दूरच्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकणाऱ्या मोठ्या अँटेना आहेत. त्यांच्यावरून पृथ्वीचे फिरणे आणि खंडांचे सरकणे मोजतात. खिशातल्या फोनच्या आवाजात ती कुजबुज बुडून जाईल. म्हणून संगणक तारेने जोडायचे. गावात फायबरची तारही २०१५ साली समुद्राच्या तळातूनच आणली.

जुने काढून नवे बसवताना

आम्ही पेशाने संगणकवाले. एकदा कामावर आम्ही शनिवारी रात्री जुनी यंत्रणा बंद करून नवी चालू केली. सोमवारी हिशेबाचे आकडे वेगळे आले. चूक जुन्या यंत्रणेत होती की नव्या, हे सांगता येईना, कारण ताडून पाहायला जुनी यंत्रणा उरलीच नव्हती. तीन रात्री जागून आम्ही आमच्या घाईची किंमत मोजली.

आमचे फक्त तीन रात्रींवर निभावले. नी-ऑलेसुंदला अशी घाई केली, तर वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात जाईल. समजा, जुना तापमापक काढला, नवा बसवला आणि आकडा अर्ध्या अंशाने वाढला. आता हवा तापली की तापमापक बदलला? म्हणून जुने आणि नवे उपकरण काही काळ शेजारी शेजारी चालवतात, दोन्हींतला फरक नोंदवून ठेवतात आणि मगच जुन्याला निरोप देतात. १९९४ पासून काम करणारी तिथली मोठी अँटेनाही नवी जोडी आल्याबरोबर लगेच बंद केली नाही.

भारताने जुलै २०१४ मध्ये तिथल्या खाडीत पाण्याखाली एक वेधशाळा सोडली. तिचे नाव 'इंडआर्क'. पाण्याचे तापमान आणि खारटपणा ती नोंदवत राहते. तिला वर काढायचे, माहिती उतरवून घ्यायची, दुरुस्ती करायची आणि पुन्हा बुडवायची, असा हा उद्योग आहे.

एवढा खटाटोप कशासाठी?

आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे. कायम गोठलेली जमीन सैल पडते आणि घरांचे पायेच सावरावे लागतात. म्हणजे ज्या बदलाची मोजदाद करायला माणसे आली, तोच बदल त्यांच्या पायाखाली चालला आहे. शिवाय गावाची वीज डिझेलवर चालते. हा पेच तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे.

अनेक वर्षे आपली पथके मुख्यतः उन्हाळ्यात जात असत. मग हिवाळ्यातली पाने कोरीच राहत. डिसेंबर २०२३ मध्ये भारताचे पहिले हिवाळी पथक हिमाद्रीत पोहोचले आणि ती पाने भरू लागली. ज्या अंधाराला आपण चार वाजता कंटाळतो, त्याच अंधारात कुणीतरी नियमाने आकडे लिहीत आहे. सलग लिहिलेल्या वहीलाच मोल असते, हे रोज एक पान शुद्धलेखन करणाऱ्या मुलांना वेगळे सांगायला नको!

घरचा अभ्यास

१. हिम + अद्री = हिमाद्री. 'अद्री' म्हणजे पर्वत. अ + अ = आ, ही झाली दीर्घ संधी. याच रीतीने तयार झालेले महाराष्ट्रातील पर्वताचे नाव कोणते? (उत्तर 'स'पासून सुरू होते.)

२. दारे कुलूप न लावता का ठेवतात? दोन वाक्यांत लिहा.

३. घरातले दोन तापमापक किंवा दोन घड्याळे आठवडाभर शेजारी ठेवा. रोज फरक नोंदवा आणि पुढच्या रविवारी वही घेऊन या. पालकांनी आकडे 'सुधारून' देऊ नयेत!