शंभर नावांची यादी

भातसानगरचा मुलगा वहीत शंभर नावं लिहायला बसला, की विसाव्या नावाला काका, मामा, आत्या संपतात. चाळिसाव्याला शाळेतले मित्र. मग क्लासचे सर, दूधवाले दादा, शहापूर स्टँडवरचे ओळखीचे कंडक्टर काका. ही यादी साखळी योजनांच्या ‘बिझनेस ट्रेनिंग’च्या पहिल्या आठवड्यात करून घेतात. माल काय, तो विकत कोण घेणार, हे विषय नंतरचे. बऱ्याचदा ते निघतच नाहीत.

बोलावणं येतं ते अनोळखी माणसाकडून नाही, वर्गमित्राकडून. ‘ये तर खरं, फोनवर सांगण्यासारखं नाही.’ कंपनीचं नाव विचारलं तर विषय बदलतो. आसनगावहून लोकल, कल्याण किंवा ठाण्यातला हॉल, टाय लावलेली विशीतली मुलं, टाळ्या, पडद्यावर गाड्यांचे फोटो. आणि हमखास एक टोमणा: ‘तुझ्या वडिलांनी तीस वर्षं नोकरी करून काय कमावलं?’ ज्या पगारावर मुलाचं शिक्षण झालं, त्याचीच लाज वाटायला लावणारा हा प्रश्न. पुढचे दहा-वीस हजार भरायला आईची सोन्याची माळ गहाण पडते, ती इथून.

हे नवं नाही. २०११ मध्ये स्पीक एशियाचं नाव घरोघरी झालं होतं. ११ हजार रुपये भरून ऑनलाइन नियतकालिकाचे वर्गणीदार व्हायचं, आठवड्याला दोन सर्वेक्षणं भरायची, प्रत्येकाचे ५०० रुपये. म्हणजे तीन महिन्यांत मुद्दल वसूल! सर्वेक्षणं विकत कोण घेतं, हे फारसं कोणी विचारलं नाही. २०१३ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे क्यूनेट कंपनीवरच्या फसवणुकीच्या आरोपांचं प्रकरण गेलं. तिथे वस्तू होत्या: काचेची ‘बायोडिस्क’, लॉकेट, घड्याळं, सहलींची पॅकेजेस. कंपनीने आरोप नाकारले. टोरेस तर अगदी परवाची गोष्ट. मॉइसनाइटचे खडे घ्या, दर आठवड्याला परतावा घ्या, आणखी माणसं आणलीत तर वर बोनस. ६ जानेवारी २०२५ला दादरच्या दुकानासमोर पैसे अडकलेल्यांची गर्दी उसळली. एक शाखा कल्याणला होती, म्हणजे शहापूरकरांच्या रोजच्या वाटेवर.

वस्तू असते, पावती असते, दुकानही असतं. मग फसवणूक ओळखायची कशी?

गणिताने. प्रत्येकाने फक्त सहा माणसं आणायची, असं हॉलमध्ये सांगतात. सहाचे छत्तीस, छत्तिसाचे दोनशे सोळा. सातव्या पायरीला एकूण माणसं होतात ३,३५,९२२. २०११च्या जनगणनेत अख्ख्या शहापूर तालुक्याची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख १४ हजार, पाळण्यातली बाळं धरून. मुलाकडून हे कागदावर करून घ्यावं. आरडाओरडा करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

दुसरी खूण बाजारात सापडते. तीच पावडर, तसंच घड्याळ शहापूरच्या बाजारपेठेत कितीला मिळतं? आणि साखळीत नसलेलं कोणी ते कंपनीच्या भावाने घेईल का? डबे-बाटल्या दारोदार विकणाऱ्या ताईला विकलेल्या मालावर कमिशन मिळतं. तो सरळ धंदा आहे आणि कायद्याला मान्य आहे. पण कमाई ‘डाउनलाइन’ने, म्हणजे आपल्याखाली जोडलेल्या माणसांनी, भरलेल्या पैशांवर होत असेल, तर घड्याळ नुसतं निमित्त. नुसती माणसं जोडल्याबद्दल मोबदला नको आणि प्रवेश फी नको, हे केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. डिसेंबर २०२१च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी घातली.

पालकांना बहुधा माहीत नसलेली बाब पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८च्या कायद्यात आहे. अशा योजना चालवणं जसा गुन्हा, तसं त्यात सभासद होणं आणि भाग घेणंही गुन्हाच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मित्रांना ओढणारा मुलगा म्हणजे नुसता फसलेला मुलगा नव्हे.

‘पण नोकऱ्या आहेत कुठे?’ हा मुलांचा सवाल खोटा नाही, आणि हॉलवाले त्याच्यावरच जगतात. तरी फरक दिसतो. आयटीआयनंतर मुरबाड एमआयडीसीत अप्रेंटिस लागलेल्याला विद्यावेतन मिळतं. थोडंच मिळतं, पण पैसे कंपनीकडून मुलाकडे येतात.

पैसे भरून झाले असतील तर वस्तूचं पाकीट फोडू नये. पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, ग्रुपवरचे मेसेज जपून ठेवावेत. ‘ग्रुप सोड’ म्हणण्याआधी हे करावं. करारातला ‘कूलिंग ऑफ’ कालावधी बघावा. त्या मुदतीत दंडाशिवाय करार रद्द करता येतो. रद्द करतोय हे लेखी कळवावं. ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०, आणि पोलीस ठाणं आहेच.

मग ती वही काढावी. ज्या नावांपुढे ‘फोन केला’ म्हणून बरोबरची खूण आहे, त्यांना पुन्हा फोन लावायचा: ‘मामा, मी सांगितलं होतं ना, ते पैसे भरू नका.’ हा फोन पहिल्यापेक्षा जड जातो. आई-बाबांनी तेवढा वेळ शेजारी बसावं.