एकटे फूल

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे काळ्या जमिनीचे गाव. तेरणा साखर कारखान्यामुळे त्याचे नाव उसाशी जोडले गेले. परंतु या रानात उसाच्या पूर्वीपासून एक जुनी शेती चालत आली होती. पावसाळा सरत आला, की रब्बीची ज्वारी पेरावयाची आणि ज्वारीच्या कडेने करडईच्या चार ओळी धरावयाच्या. करडईची पाने काटेरी, बोंडाभोवतीची पाने त्याहून काटेरी. मोकाट गुरे त्या काट्यांना भिऊन पिकात तोंड घालीत नसत. तेल देणारे झाड अशा रीतीने राखणदाराचेही काम करी. शेजारच्या एखाद्या पट्ट्यात जवस असे. जानेवारीच्या सुमारास करडईला पिवळी-केशरी फुले येत, तर जवसाच्या बारीक काड्यांवर निळी.

गेल्या काही दशकांत मराठवाड्यात सोयाबीन वाढले, पाण्याच्या सोयीने ऊस वाढला, आणि करडई व जवस या दोन्ही पिकांचे क्षेत्र घटत गेले. आजीने पाहिलेले निळे शेत पाहावयाचे, तर नातवाला आता ते शोधत जावे लागते. म्हणूनच असे एखादे फूल आढळले, की त्याचे छायाचित्र घेण्याची इच्छा होणे साहजिक आहे. आता घरोघर फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा आहे.

मुलगा बांधावर उभा राहतो, चित्र घेतो आणि घरी येऊन मोठ्या उत्साहाने दाखवू लागतो, तेव्हा त्यात विजेचा खांब दिसतो, बाभूळ दिसते, पाण्याची टाकी दिसते. फूल मात्र ठिपक्याएवढे होऊन कोठे तरी हरवलेले असते. रानात त्याला तर फूलच दिसत होते! त्याचे कारण असे, की आपले डोळे निवड करतात. मनाला जे हवे तेवढेच पाहून बाकीचे सोडून देतात. कॅमेऱ्याला हे ज्ञान नाही. त्याच्यासमोर जे येईल ते सारे तो सारख्याच निष्ठेने टिपतो. तेव्हा नको ते वगळण्याचे काम चित्र घेणाऱ्याने आधीच करावयास हवे. ते करण्याचा सोपा मार्ग म्हणजे फूल घरात आणणे, त्याच्यामागे काहीही नसेल अशी जागा तयार करणे आणि एकाच बाजूने येणाऱ्या उजेडात ते ठेवणे.

या मार्गाने जगप्रसिद्ध चित्रे घेतली गेली आहेत, आणि ती घेणाऱ्यांजवळ मोठी साधने होती असे नाही. इमोजेन कनिंगहॅम ही अमेरिकेतील छायाचित्रकार १८८३ साली जन्मली. विद्यापीठात ती रसायनशास्त्र शिकली आणि शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना काचेवरील चित्रे तयार करून देई. पुढे १९१० साली तिने सिअ‍ॅटल शहरात स्वतःचा स्टुडिओ थाटला. परंतु विवाह झाला, दोन वर्षांच्या आत तीन मुलगे झाले, त्यांत दोन जुळे, आणि स्टुडिओ सुटला. १९२० साली हे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे राहावयास गेले. मुलांना सोडून बाहेर जाणे शक्य नव्हते. तेव्हा तिने परसातील फुलांकडे कॅमेरा वळविला. १९२५ च्या सुमारास घेतलेले तिचे मॅग्नोलियाचे चित्र आज फार मोलाचे मानले जाते. त्यात झाड नाही, फांदी नाही, आकाशही नाही. संपूर्ण चौकट त्या एका फुलाने भरली आहे आणि मधोमध पुंकेसर व स्त्रीकेसर यांचा उंच गाभा आहे. आपला सोनचाफा याच मॅग्नोलियाच्या कुळातला. ज्याने सोनचाफ्याच्या पाकळ्या गळाल्यावर उरलेला देठ निरखला आहे, त्याला तो गाभा ओळखीचा वाटेल.

कार्ल ब्लॉसफेल्ट याची गोष्ट वेगळी. तो जर्मनीतील कलाशिक्षक होता. तरुणपणी त्याने लोखंड ओतण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. जाळ्या व कठडे यांवरील वेलबुट्टी कोठून येते, हा प्रश्न बहुधा तेथेच त्याच्या मनात रुजला असावा. १८९८ पासून तो बर्लिन येथे विद्यार्थ्यांना वनस्पतींवरून आकार घडविण्यास शिकवू लागला. त्यासाठी तो रस्त्याच्या कडेला आणि रेल्वेच्या भरावावर उगवणारी सामान्य झाडे गोळा करी, ज्यांना आपण तण म्हणतो तीच. घरगुती बनावटीच्या कॅमेऱ्याने, पांढऱ्या, करड्या किंवा काळ्या साध्या पुठ्ठ्यापुढे तो त्यांची चित्रे घेई आणि ती कित्येक पट मोठी करी. नको असलेली पाने तो कात्रीने छाटीत असे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा अपराधच होय. परंतु त्याला झाडाची नोंद करावयाची नव्हती, आकार समजावून द्यावयाचा होता. तीस वर्षे हे काम वर्गापुरतेच राहिले. १९२८ साली त्याचे १२० चित्रांचे पुस्तक निघाले, तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. त्या पुस्तकाने तो एकाएकी प्रसिद्धीस आला आणि चारच वर्षांनी, १९३२ साली, निवर्तला.

ढोकीच्या घरात असा स्टुडिओ उभारण्यास एक खिडकी पुरते. चित्रकार उत्तरेच्या खिडकीला मान देतात, कारण युरोपात तिच्यातून ऊन जवळजवळ येत नाही. सौम्य, स्थिर उजेड तेवढा येतो. आपल्याकडे हा नियम डोळे मिटून पाळता येत नाही. ढोकी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे अठरा अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. जानेवारीत मात्र तो दिवसभर दक्षिणेकडे कलतो आणि उत्तरेची खिडकी सर्वांत उत्तम ठरते. तशी खिडकी नसेल, तर ऊन येणाऱ्या खिडकीवर पांढरे धोतर एकपदरी बांधले तरी काम भागते.

खिडकीजवळ स्टूल ठेवावे आणि स्टुलामागे दोन-तीन हातांवर कापड टांगावे. कापड फुलाला चिकटून असेल, तर त्यावर सावली पडते आणि सुरकुत्याही दिसतात. काळ्या पार्श्वभूमीसाठी घोंगडे फार चांगले. लोकर उजेड पिऊन टाकते. फूल ठेवावयास मातीचे लहान गाडगे घ्यावे. तेर हे गोरोबाकाकांचे गाव इतके जवळ असताना चकचकीत काचेची फुलदाणी शोधण्याचे कारण नाही; शिवाय काचेत खिडकीचे प्रतिबिंब उमटते. फुलाची जी बाजू खिडकीपासून दूर, ती अंधारात जाते. तिकडे वहीचा पांढरा पुठ्ठा उभा केला, की उजेड परतून सावली मवाळ होते. पुठ्ठा जवळ आणावा, दूर न्यावा, आणि सावली कशी बदलते ते पाहावे. या एका खेळात सकाळ जाते.

पंखा बंद करावा. फोन हातात न धरता विटांच्या आधाराने उभा करावा, कारण मंद उजेडात कॅमेऱ्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात हात हलतो.

करडई अशा बैठकीला चांगली साथ देते. ती पाण्यात टिकते, आणि फूल जुने होऊ लागले, की त्याचा पिवळा-केशरी रंग लाल होत जातो. याच फुलापासून पूर्वी कापड रंगवीत. 'कुसुंबी' हा रंगाचा शब्द करडईच्या 'कुसुंभ' या संस्कृत नावावरून आला आहे. जवसाचे मात्र तसे नाही. त्याच्या पाच निळ्या पाकळ्या सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत गळून पडतात. रानातून घरी आणताना धक्का लागला, तर तेवढाही वेळ मिळत नाही. काड्यांची जुडी घेऊन धावत आलेल्या मुलाच्या हाती पुष्कळदा नुसती हिरवी बोंडे उरतात.

यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. चटणीसाठी आणलेले जवस भाजण्यापूर्वी त्यातील चिमूटभर दाणे दिवाळीच्या सुमारास एका कुंडीत पेरावे आणि ती कुंडी उन्हात ठेवावी. पीक बहरात आले, म्हणजे आदल्या संध्याकाळी घोंगडे टांगून, विटा रचून, पुठ्ठा जागेवर लावून ठेवावा. सकाळी फूल पूर्ण उमलले, की कुंडीच उचलून खिडकीशी आणावी. दुपारी पाकळ्या स्टुलावर पडतील, तेव्हा कुंडी पुन्हा उन्हात नेऊन ठेवावी. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी उमलते.