चिखलातली गाडी आणि विंचची निवड

विंच म्हणजे दोर गुंडाळून ओझे ओढणारे यंत्र. विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला आहे त्याला त्याचे तत्त्व वेगळे सांगावयास नको. आडव्या लाटेवर दोर गुंडाळला जातो आणि दुसऱ्या टोकाचे ओझे जवळ येते. गाडीच्या विंचमध्ये फरक एवढाच की दोराचे टोक झाडाला बांधलेले असते. झाड जागचे हलत नाही, म्हणून गाडीच झाडाकडे सरकते. चिखलात किंवा ओढ्यात रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या मदतीवाचून बाहेर काढावयाची तर हे साधन लागते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यावर का लिहावे, असे कोणी विचारील. आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला आहे. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. डांबरी रस्ता संपल्यावर आमच्याकडे तीन किलोमीटर लाल मातीची वाट आहे आणि त्या वाटेवर आमच्या आबांचे जुने घेतलेले फोर बाय फोर पिकअप चालते. खाली दूध जाते, वर खताच्या गोणी आणि किराणा येतो. कोणी आजारी पडले तर तेही त्याच गाडीतून जाते. मागच्या आषाढात गाडी पाच वेळा रुतली. दर वेळी खालच्या गावाहून ट्रॅक्टर आणला आणि दर वेळी त्याने त्या दिवसाची कमाई नेली. एकदा ट्रॅक्टरवाल्याने झटका देऊन ओढले, साखळी तुटली, आणि तिचे टोक केबिनच्या मागच्या काचेतून आत आले. आत कोणी नव्हते. तेव्हा आबांनी ठरवले की पुढच्या पावसाआधी विंच घ्यायचा. कराडच्या एका दुकानातून माहितीपत्रके आणली, ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "इंग्रजी शिकतोस न्हवं, मग वाच आन सांग." विंचची किंमत म्हणजे गाडीचे चार-पाच हप्ते. चुकीचा घेतला तर वर्ष वाया. वर्गात शिकलेले इंग्रजी या माहितीपत्रकांपुढे फारसे टिकले नाही हे खरे, पण गणित टिकले.

पहिला प्रश्न ताकदीचा. विंचवर ९५००, १२००० असे आकडे छापलेले असतात. हे पौंड आहेत, किलो नव्हेत. एक पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो, तेव्हा ९५०० चा विंच ४३०० किलोंची ओढ देतो. आता गाडीचे वजन. येथे पुष्कळ लोक रिकाम्या गाडीचे वजन धरतात. पण रुतते ती भरलेली गाडी. आरसी बुकात दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि मालासकट कमाल वजन. आमच्या गाडीची ती साधारण १६५० आणि २८०० किलो आहेत. सर्वमान्य नियम असा की विंचची ओढ भरलेल्या वजनाच्या निदान दीडपट असावी. म्हणजे २८०० ला ४२०० किलो. ९५०० चा विंच जेमतेम बसतो.

दीडपट कशासाठी, हे दुकानदाराला विचारले तर तो कंपनीचे नाव सांगतो. उत्तर मला दुसरीकडे मिळाले. रुतलेली वाहने सोडवण्याविषयी अमेरिकी लष्कराचे जे ठोकताळे आहेत, त्यांप्रमाणे चाके मध्यापर्यंत रुतली असतील तर गाडी सुटायला तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डापर्यंत रुतली तर दुप्पट, आणि केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. यात चढाचा भार आणखी मिळवावा लागतो. सहाला एक असा चढ असेल तर वजनाचा सहावा हिस्सा. आमच्या जांभळीच्या वळणावर चाके मध्यापर्यंत जातात आणि चढही तेवढाच आहे. म्हणजे २८०० अधिक सुमारे ४७०, एकूण ३२७० किलो. मग ४३०० किलोंचा विंच भरपूर झाला की!

झाला नाही. या विषयातली खरी मेख येथेच आहे आणि माहितीपत्रकात ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. छापलेला आकडा हा ड्रमवरच्या अगदी तळच्या थराचा असतो. दोराचा एक थर गुंडाळून झाला की दुसरा थर त्याच्यावर बसतो, ड्रम जणू जाड होतो आणि ओढ कमी पडते. रहाटाची लाट जितकी जाड तितका तो फिरवायला जड, हे आपल्या आयाबहिणींना पुस्तकावाचून ठाऊक आहे. दर थराला ओढीचा साधारण दहावा भाग जातो, काही विंचांत त्याहून अधिक. चौथ्या थरावर ४३०० चे ३१०० च्या आसपास उरतात. आम्हाला हवेत ३२७०. झाड गाडीच्या अगदी जवळ असेल, दोर थोडाच सोडला असेल, तर ९५०० चा विंच आमची गाडी हलवणार नाही. झाड लांब असेल तर हलवील. जवळचे झाड सोयीचे वाटते, पण विंचला लांबचे झाड मानवते. मात्र दोर सगळा सोडून चालत नाही. पोलादी दोराचे निदान पाच वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, धाग्याच्या दोराचे आठ-दहा. कारण दोर ड्रमला धरून राहतो तो वेढ्यांच्या घर्षणाने, टोकाच्या स्क्रूने नव्हे.

यावर उपाय अधिक मोठा विंच घेणे हा नाही. उपाय आहे कप्पी. मोटेच्या विहिरीवर जे चाक असे ते फक्त दिशा बदलत असे. मोटेचे वजन बैलांना पुरतेच ओढावे लागे. विंचची कप्पी वेगळ्या तऱ्हेने लावतात. कप्पी झाडाला बांधायची, दोर तिच्यातून परत आणायचा आणि हूक आपल्याच गाडीच्या चेसिसला अडकवायचा. आता गाडीला दोराचे दोन पदर ओढतात. ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो, आणि दोर दुप्पट लागत असल्यामुळे वरचे थर आपोआप उलगडले जातात. एका कप्पीने हे दोन्ही साधते. पण लक्षात ठेवावे की झाडावर, पट्ट्यावर आणि शॅकलवर तेवढाच दुप्पट ताण येतो. कप्पी घेताना तिच्यावरचा आकडा विंचच्या आकड्याच्या दुप्पट हवा. दुकानात विंच मोठा आणि कप्पी, शॅकल साधी असा संच सर्रास देतात. तुटते ते नेहमी यातले सर्वांत कच्चे.

दोराविषयी दोन पक्ष आहेत. पोलादी वायररोप घासणीला दाद देत नाही, उन्हात खराब होत नाही, पण जड असतो, त्याच्या सुटलेल्या तारा तळहातात घुसतात (चामडी हातमोजे हवेतच), आणि ताणाखाली तुटला तर चाबकासारखा उलटतो. आमच्या साखळीने काच फोडली. वायररोपने माणूस मरतो. म्हणून ओढताना दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जुनी घोंगडी टाकतात, म्हणजे दोर तुटलाच तर खाली पडतो. धाग्याचा दोर हलका, हाताळायला सोपा, तुटला तरी त्यात तितका जोर साठलेला नसतो. पण त्याला ऊन सोसत नाही, दगडाची धार सोसत नाही, आणि चिखलातली रेती धाग्यांत शिरून आतून कापते. दर वेळी धुवावा लागतो. आमच्याकडे वाटेच्या दोन्ही कडांना जांभा उघडा पडला आहे. जांभ्यावर घासलेला दोर कसा दिसतो हे मी गुरांच्या दाव्यावर पाहिले आहे. माझा कौल आमच्या वाटेपुरता पोलादी दोराला पडला.

विजेच्या विंचची भूक हा आणखी एक प्रश्न. गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा असा विंच भर ओढीला ४०० अँपिअरांहून अधिक वीज खातो. हेडलाइटचा एक दिवा पाच अँपिअरांच्या आसपास घेतो. म्हणजे ऐंशी दिवे एकदम लावल्यासारखे. आल्टरनेटर याच्या पाव हिस्सासुद्धा भरून देत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून मिनिटभर ओढायचे, मग थांबायचे, मोटर हाताने चाचपून पुन्हा ओढायचे. बॅटरी जुनी असेल तर विंचआधी ती बदलावी. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली असेल तर विंच फार वेळ साथ देत नाही, हे माहितीपत्रकात कोठे लिहिलेले नाही. पावसाळ्यासाठी 'आयपी ६७' हा शिक्का पाहावा. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी पाणी शिरत नाही.

गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही रानवाटांवरची मोटारस्पर्धा भारतात प्रथम भरली, आणि अशा स्पर्धांत उतरणाऱ्या गाड्यांना विंच हा अवयवच असतो. तेथे गाडी मुद्दाम रुतवतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही, पण दुकानातली बहुतेक माहितीपत्रके त्यांच्यासाठी लिहिलेली असतात हे ओळखून ती वाचावी लागतात. त्यांत दुधाच्या कॅनचा आणि पासिंगचा उल्लेख नसतो.

पासिंगची गोष्ट अशी. विंच चाळीस किलोंच्या घरात, शिवाय तो धरणारा जाड लोखंडी बंपर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत वाटेल तसा बदल करता येत नाही. गाड्यांच्या तोंडाशी बसवलेले बुलबार या कलमाचा भंग करतात, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. आमची मालाची गाडी. तिला ठरावीक मुदतीने पासिंगला न्यावे लागते. खेळासाठी गाडी ठेवणारा बंपर काढून ठेवील आणि पुन्हा बसवील, आबांना तो वेळ नाही.

हे सगळे मी आबांना एका रात्री वाचून दाखवले. कप्पीपर्यंत त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "समदं खरं. पर ह्यो पुढनं वडणार. आपली गाडी पुढनं कवा निघालीया? आली तशी माघारी काढाय लागती." चढावर रुतलेली गाडी मागे, उताराकडे आणि आपणच पाडलेल्या चाकोरीतून ओढणे सर्वांत सोपे, चढाचा सहावा हिस्सा तेथे आपल्या बाजूने येतो. पुढच्या बंपरला पक्का केलेला विंच या कामी उपयोगाचा नाही. इतकी माहितीपत्रके वाचून मला जे सुचले नव्हते ते त्यांनी चहा पिता पिता सांगितले.

मग मी हाताच्या विंचकडे वळलो. एक लांब दांडा पुढे-मागे करायचा, यंत्रातले दोन जबडे आळीपाळीने दोर धरतात आणि पुढे सरकवतात. ड्रम नाही, म्हणून थरांची भानगडही नाही. पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत ओढ तीच. गाडीला पुढे, मागे, बाजूला, कोठेही लावता येतो, बॅटरी लागत नाही, चेसिसला हात लावावा लागत नाही. ही यंत्रे ०.८, १.६ आणि ३.२ टनांची मिळतात. जादा ताण आला तर दांड्यातली मुद्दाम ठेवलेली मऊ खीळ तुटते आणि जबडे दोर धरूनच राहतात. हे मला फार आवडले. उणे एकच, कष्ट. दांडा एकदा पुढे-मागे केला की दोर पाच-सहा सेंटिमीटर सरकतो, कप्पी लावली तर गाडी त्याच्या निम्मी. गाडी मीटरभर हलवायला पस्तीस-चाळीस हेलपाटे. आबा पन्नाशीचे आहेत आणि पावसात बहुधा एकटे असतात. म्हणून आई अजूनही विजेच्याच बाजूची आहे, आणि तिचे म्हणणे मला सहज खोडता आलेले नाही.

३.२ टनांचे यंत्र व त्याचा जाड दोर मिळून एकट्या माणसाला पाठीवर घेणे कठीण. १.६ टनांचे यंत्र कप्पी लावून ३२०० किलो ओढील. भरलेल्या गाडीला, दीडपटीच्या हिशोबाने, ते कमी पडते. पण कॅन आणि गोण्या खाली उतरवल्या तर गाडी १६५० वर येते. तिचे दीडपट २४७५. माल उतरवायला अर्धा तास जातो, पैसे जात नाहीत. हे गणित आबांना पटले. आईला निम्मे पटले; तिच्या आग्रहामुळे पावसाळ्यात गाडीवर आबांबरोबर चुलतभाऊ जाणार आहे.

तेव्हा १.६ टनांचे यंत्र, वीस मीटर वायररोप, एक कप्पी, दोन शॅकल आणि झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, एवढे घ्यायचे ठरले. दोर थेट झाडाला कधी बांधू नये. तो सालीत रुतून झाड मारतो आणि दोरालाही मुरड पडते. पुढच्या पावसात त्याच झाडाशी पुन्हा गाठ आहे. वळणाखालच्या जांभळीचा घेर मी सुतळीने मोजून आलो. सात फूट भरला. पट्टा तीन मीटरचा सांगितला आहे.