पॅड काढला, पेस्ट थापली

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. यंत्रात दोष नव्हता. माझ्या भाच्याचं स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळ खेळायचा कॉम्प्युटर, तापत होतं ते आत कचरा साचल्यामुळे. निपाणीत ज्यांचं घर तंबाखूच्या वखारीला लागून आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. विडीच्या तंबाखूची पूड तिथे हवेतच असते. मिक्सरच्या जाळीत बसते, टीव्हीच्या पाठीवर बसते. मग ज्या यंत्राचा पंखा तासन्‌तास हवा ओढतो त्याच्यात का नाही बसणार? साफसफाई आणि चिपवरची पेस्ट बदलणं, एवढंच काम होतं. दुकानदाराला मी एवढंच सांगितलं होतं. बाकीचं त्याने स्वतःच्या मनाने केलं आणि पैसे मात्र सगळ्याचे घेतले.

भाच्याचं घर निपाणीत, इंजिनिअरिंगला तो बेळगावला आहे. यंत्र अमेरिकेतल्या चुलतभावाने आणून दिलेलं. कंपनी ते भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे वॉरंटी विसरायची. खेळ खेळतोच, पण त्यालाच मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून लिनक्सवर प्रोग्रामिंगचा अभ्यासही करतो. त्याच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नाही. परीक्षा तोंडावर आल्या आणि पंखा नुसता किंचाळायला लागला.

दुकानाचं नाव लिहीत नाही. बेळगावातलंच आहे, एवढं पुरे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मामा, काय काळजी करू नकासा. साफ पण करतो आणि स्पीड पण वाढवून देतो. चार हजार मेगाहर्ट्झवर नेतो बघा." मी म्हटलं, स्पीडला हात लावू नकोस, फक्त थंड कर. त्यावर त्याचं उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "हे मशीन-बिशीनचं काम नव्हं मामा, हे इलेक्ट्रॉनिक्स हाय."

माझी उभी हयात बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक पॉवरपॅक जोडण्यात गेली. तेल का तापतं, कूलर कुठे चोंदतो, दोन पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसले नाहीत तर काय होतं, हे मला त्याने शिकवायची गरज नव्हती. उष्णता ही उष्णताच असते. पॉवरपॅकमध्ये ती तेलातून जाते, इथे तांब्यातून जाते.

यंत्र पडद्यामागे गेलं. परत मिळालं तेव्हा मेमरी कार्डाचे दोन तुकडे वेगळ्या पुडीत होते आणि वर ऐकवलं की कार्ड आधीच खराब होतं. आधीच खराब असतं तर भाच्याने आदल्या रात्री त्यावरून काम कसं केलं? स्टीम डेकमध्ये कार्ड मागच्या झाकणातून आत जातं. ते बाहेर न काढता झाकण उचललं की कार्ड तिथेच मोडतं. हे यंत्र उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवं. ज्याला ही पहिली पायरी माहीत नाही, त्याने पुढे आत काय केलं असेल याचा अंदाज मला तेव्हाच आला.

पुढच्या काही दिवसांत यंत्र आधीपेक्षा वाईट चालायला लागलं. स्क्रीनवर तापमान आणि वेग दाखवणारी पट्टी असते, ती चालू केली. सुरुवातीला मेगाहर्ट्झचा आकडा खरोखरच वर चढायचा. मग तापमान नव्वदीच्या पार गेलं की आकडा धपकन खाली यायचा, आधी होता त्याच्याही खाली. चिप स्वतःला जळू देत नाही, ती वेग कमी करून जीव वाचवते. म्हणजे स्पीड वाढवणं म्हणून ज्या कामाचे पैसे घेतले, त्याने प्रत्यक्षात वेग कमी झाला होता. नंतर तर काम चालू असतानाच यंत्र बंद पडायला लागलं.

मग मी ते माझ्या टेबलावर उघडलं. मागचे आठ स्क्रू, त्यात चार लांब आणि चार आखूड. दुकानवाल्याने ते अदलाबदल करून घट्ट पिळले होते, आणि आखूड भोकात लांब स्क्रू घुसवल्यामुळे प्लास्टिकला पांढरा फुगवटा आला होता. आतल्या धातूच्या कवचावरची फॉइलची पट्टी अलगद सोडवायची असते, कारण एक स्क्रू तिच्याखाली असतो, ती टरकावलेली. कवच आणि त्याखालचा तांब्याचा हीटसिंक उचलला आणि पाहिलं तर चिपवर राखाडी पेस्टचा थर, शिरा पसरावा तसा. बाजूला वाहून सुट्या भागांवर गेलेला. आणि ज्या भागांवर कंपनीने मऊ थर्मल पॅड लावलेले असतात, तिथले पॅड गायब. त्यांच्या जागी पेस्टचेच गोळे. कवच आणि भाग यांच्यातलं अंतर एवढं की गोळा वरपर्यंत पोहोचतही नव्हता. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. पंख्यापुढची पाती, ज्यासाठी आम्ही गेलो होतो, तशीच चोंदलेली. तपकिरी लोकर दाबून बसवल्यासारखी. चिमट्याने ओढली तर अखंड पट्टी निघाली.

पॅडचं महत्त्व मी मनाचं सांगत नाही. स्टीम डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे डिझायनर लॉरेन्स यांग यांनी २०२२ मध्येच जाहीरपणे बजावलं होतं की या यंत्रातली चार्जिंगची चिप फार तापते आणि तिच्या जवळचे पॅड हलवू नयेत. तेव्हा लोक आत मोठी एसएसडी बसवण्यासाठी पॅड सरकवत होते.

पेस्टचं गणितही समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साधारण ४०० वॉट प्रति मीटर-केल्व्हिन. चांगल्या पेस्टची एक आकडी, पाच ते आठच्या आसपास. हवेची ०.०२६. पेस्टचं काम फक्त दोन पृष्ठभागांमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांमधली हवा हुसकवायचं. जाड थर दिला की तांब्याच्या वाटेत आपणच भिंत घालतो. उद्यमबागेतला कोणताही फिटर हे सांगेल.

आणि वेगाचं? चिपची उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, म्हणून उष्णता दोन्हीकडून वाढते. उलट, त्याच वेगावर व्होल्टेज पाच टक्के उतरवलं तर उष्णता जवळपास दहा टक्के उतरते. कर्नाटकातच, बेंगळुरूत, २००१ च्या सुमारास सिंप्युटर नावाचा हातात मावणारा कॉम्प्युटर तयार झाला होता. त्यात २०६ मेगाहर्ट्झची स्ट्राँगआर्म चिप होती आणि पंखा नव्हता, कारण वीजच इतकी कमी लागायची. स्टीम डेकची चिप १५ वॉटपर्यंत जाते. तळहाताच्या जागेत १५ वॉट बाहेर काढायचे आहेत, हे ध्यानात ठेवून कंपनीने मर्यादा घातली आहे. दुकानातल्या मुलाने बायोसमधल्या झाकलेल्या सेटिंग बाहेरच्या प्रोग्रामने उघडून ती मर्यादा ओलांडली होती. असा प्रोग्राम चुकला तर यंत्र पुन्हा सुरूच होत नाही.

हे काम स्वतः करायचं असेल तर आधी कार्ड काढा. बायोसमध्ये जाऊन बॅटरी स्टोरेज मोडवर टाका आणि मगच उघडा. स्क्रू कागदावर यंत्राचा आकार काढून जागच्या जागी ठेवा. हीटसिंकचे तीन स्क्रू एकदम पिळू नका. आळीपाळीने थोडे थोडे, म्हणजे दाब सारखा बसतो. पॅड फाटला तर त्याच जाडीचा लावा. जाड लावलात तर हीटसिंक चिपवर टेकणार नाही, पातळ लावलात तर पॅडच टेकणार नाही.

आपल्या भागातल्या वर्कशॉपवाल्यांना खास सांगतो, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं, पावसाळ्यात तर फारच. फुंकणारा डबा वापरलात तरी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. आणि लिक्विड मेटल लावतो म्हणणाऱ्याकडून यंत्र सरळ परत घ्या. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि द्रव वीजवाहक असल्यामुळे एक थेंब घसरला तरी बोर्ड संपला. त्यापेक्षा हनीवेलचा पीटीएम ७९५० हा पातळ पॅड चांगला. तो तापला की मऊ होऊन खाचांत भरतो आणि पेस्टसारखा बाहेर सरकत नाही. कापण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, कागद नीट सुटतो.

मी चिपवर तोच बसवला, पाती साफ केली, बायोस मूळ सेटिंगवर आणलं. मग त्याच बायोसमध्ये कंपनीनेच दिलेल्या पर्यायातून व्होल्टेज थोडं थोडं उतरवलं. प्रत्येक चिप वेगळी असते. एकीला जो आकडा चालला तोच दुसरीला चालेल असं नाही, म्हणून प्रत्येक पायरीवर यंत्राला तासभर जड काम द्यायचं. अडकलं तर एक पायरी मागे. वीज १२ वॉटवर बांधली. आता प्रोग्राम कंपाइल होताना वेग खाली पडत नाही, सपाट राहतो. अंथरुणावर ठेवून वापरायचं मात्र बंद केलंय. हवा मागून आत जाते, ती वाट उघडी हवी.

दुकानात द्यायचंच असेल तर समोर बसून करून घ्या. आत नेऊ देऊ नका. देताना आणि घेताना तापमानाची पट्टी चालू करून मोबाइलवर फोटो काढा, काय काम सांगितलं ते पावतीवर लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं 'सर्व्हिस' लिहिलेलं आहे. मोडलेल्या कार्डाचे आणि न केलेल्या सफाईचे पैसे मागायला मी ते कार्डाचे तुकडे आणि ती तपकिरी पट्टी पुडीत बांधून घेऊन गेलो होतो. मालक म्हणाला, ज्याने काम केलं तो पोरगा आता इथे नाही. पोरगा पडद्यामागेच होता, त्याचा आवाज येत होता.