जुन्या मोबाइल फोनची अदलाबदल

दिल्लीतील करोल बागेच्या गफार मार्केटमध्ये शिरले की काचेची लहान लहान कपाटे ओळीने मांडलेली दिसतात. त्यांपैकी कित्येकांत वापरलेले मोबाइल फोन विक्रीस ठेवलेले असतात. चेन्नईतील रिची स्ट्रीट किंवा बंगळूरमधील एस. पी. रोड येथेही हाच देखावा पाहावयास मिळतो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील मोबाइलवरील पहिले संभाषण ते हेच. त्यानंतरच्या तीस वर्षांत हे यंत्र घरोघरी पोचले, आणि अर्थातच घरोघरी जुनेही झाले.

ग्राहक आपला जुना फोन दुकानदारापुढे ठेवतो. दुकानदार तो तिरपा धरून पडदा उजेडात न्याहाळतो, काही कळा दाबून एक क्रमांक पाहतो, बॅटरीची स्थिती तपासतो, ‘बिल आहे का, डबा आहे का’ असे विचारतो, आणि दोन-तीन मिनिटांत किंमत सांगून मोकळा होतो. ती ऐकून ग्राहकाचा चेहरा बहुधा उतरतो. या दोन-तीन मिनिटांत दुकानदाराने नेमके काय पाहिले, आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ग्राहकाने काय करावयास हवे होते, हे आपण क्रमाने पाहू.

पंधरा अंकांची ओळख

प्रत्येक मोबाइल फोनला पंधरा अंकांचा एक क्रमांक असतो. त्यास आय.एम.ई.आय. क्रमांक म्हणतात. फोनवर *#०६# या कळा दाबल्या असता तो पडद्यावर उमटतो. दोन सिमकार्डे घेणाऱ्या फोनला असे दोन क्रमांक असतात. त्यांतील पहिले आठ अंक फोनचा प्रकार दर्शवितात, पुढील सहा अंक त्या विशिष्ट नगाचे असतात, आणि शेवटचा पंधरावा अंक हा पडताळ्याचा अंक होय.

हा शेवटचा अंक मनास येईल तो नसतो. तो आधीच्या चौदा अंकांवरून काढता येतो, आणि शाळेतील कोणाही विद्यार्थ्यास ते गणित करता येईल. समजा, पहिले चौदा अंक १२३४५६७८९०१२३४ असे आहेत. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा याप्रमाणे सम स्थानावरील प्रत्येक अंकाची दुप्पट करावी. दुप्पट दोन अंकी आली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यावी. येथे २, ४, ६, ८, ०, २, ४ या अंकांपासून अनुक्रमे ४, ८, ३, ७, ०, ४, ८ मिळतात व त्यांची बेरीज ३४ होते. विषम स्थानावरील १, ३, ५, ७, ९, १, ३ हे अंक जसेच्या तसे मिळवावेत. त्यांची बेरीज २९. एकूण ६३. यापुढील दहाच्या पटीची संख्या ७० असल्यामुळे पडताळ्याचा अंक ७ ठरतो. वाचकांनी आपल्या फोनच्या क्रमांकावर ही रीत चालवून पाहावी. ती हान्स पीटर लून या अभियंत्याची आहे. त्याने १९५४ साली तिच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९६० साली ते त्यास मिळाले. क्रमांक उतरवून घेताना एखादा अंक चुकला तर या रीतीने चूक हटकून पकडली जाते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी ती पकडली जाते. अपवाद फक्त ० आणि ९ या जोडीचा.

मात्र या गणिताने लेखणीची चूक सापडते, चोरी सापडत नाही. चोरीच्या फोनचा क्रमांकही गणिताच्या दृष्टीने निर्दोषच असतो. त्यासाठी नोंदवहीच पाहिजे. भारत सरकारच्या दूरसंचार विभागाची अशी मध्यवर्ती नोंदवही असून मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून ती सर्व नागरिकांस उपलब्ध झाली आहे. हरवलेला अथवा चोरीस गेलेला फोन मालकाने तेथे नोंदविला की देशातील सर्व मोबाइल सेवांवर तो बंद पाडता येतो. वापरलेला फोन विकत घेणाऱ्याने केवायएम ही तीन रोमन अक्षरे, त्यापुढे मोकळी जागा सोडून पंधरा अंकी क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवावा, म्हणजे त्या फोनची नोंद काय आहे हे कळते. हा संदेश न पाठविता स्वस्तात फोन घेणारा मनुष्य उद्या पोलीस ठाण्यात खुलासे देत बसण्याची शक्यता असते. विकणाऱ्यानेही पावती घ्यावी व तीवर हा क्रमांक लिहून घ्यावा; कारण फोन पुढे कोणाच्या हाती जाईल हे त्याला कधीच कळणार नाही.

बॅटरीचे वय

पडद्यावरील चरा डोळ्यांना दिसतो. बॅटरीची झीज मात्र दिसत नाही, आणि फोनची किंमत पाडण्यात तिचाच वाटा मोठा असतो. आजच्या फोनमधील विद्युत्घट लिथियम आयनाचा असतो. हा घट १९९१ साली प्रथम बाजारात आला, आणि त्याच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्जिंग होत असताना लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्या, ग्रॅफाइटच्या अग्राकडे जातात व त्याच्या थरांमध्ये वस्ती करतात. फोन वापरात असताना ते परत फिरतात. ही ये-जा पूर्णपणे बिनखर्ची असती तर बॅटरी कधी म्हातारी झालीच नसती. परंतु ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर विद्युत्-अपघटनी द्रवाच्या विघटनाने एक पातळ पापुद्रा धरतो. हा पापुद्रा ग्रॅफाइटचे रक्षण करतो हे खरे, पण तो सावकाश जाड होत जातो व तसतसे थोडे थोडे लिथियम त्यात कायमचे अडकून पडते. जितके लिथियम अडकले तितकी बॅटरीची धारणाशक्ती घटली. शिवाय घटाचा अंतर्गत रोधही वाढतो. म्हणूनच जुना फोन पडद्यावर वीस टक्के शिल्लक दाखवीत असतानाच थंडीत किंवा छायाचित्र घेताना एकाएकी बंद पडतो.

उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. मे महिन्यातील दिल्लीच्या उन्हात मोटारीच्या काचेमागे ठेवलेला फोन, किंवा रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन, लवकर म्हातारा होतो. पूर्ण भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ राहणेही बॅटरीला मानवत नाही. युरोपीय संघात जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ८०० वेळा भरून रिकामी केल्यानंतरही बॅटरीत मूळच्या निदान ८० टक्के शक्ती उरली पाहिजे, असा दंडक घालून देण्यात आला आहे. ८० टक्के हा आकडा दुकानदारांच्याही तोंडी असतो. त्याखाली उतरलेली बॅटरी बदलावी लागणार असे धरून तो तेवढी रक्कम किंमतीतून वजा करतो. यात लबाडी काही नाही.

खड्यांचा तांदूळ

तरीही प्रश्न उरतोच. बॅटरी ठीक, पडदा ठीक, क्रमांक स्वच्छ. मग किंमत इतकी कमी का? या प्रश्नाचे उत्तर १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एका लेखात दिले. लेखाचा मुख्य विषय जुन्या मोटारी हा होता. तथापि अकेरलॉफ १९६७-६८ साली नवी दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते, आणि त्या लेखात आपल्या बाजारातील तांदळाचेही उदाहरण आले आहे: तांदळाच्याच रंगारूपाचे खडे त्यात मुद्दाम मिसळले जातात आणि गृहिणीला ते निवडत बसावे लागते. या विचारासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

त्यांचा विचार आपल्या विषयास लावून पाहू. समजा, एकाच प्रकारचे शंभर जुने फोन बाजारात येतात. त्यांतील पन्नास चांगले असून प्रत्येकाचे खरे मोल ८,००० रुपये आहे. उरलेले पन्नास आतून बिघडलेले असून त्यांचे मोल २,००० रुपये आहे. कोणता फोन कसा आहे हे मालकास ठाऊक असते, घेणाऱ्यास नाही. तेव्हा घेणारा सरासरीने, म्हणजे ५,००० रुपये, देऊ करतो. हे ऐकून चांगल्या फोनचा मालक आपला फोन परत खिशात टाकतो व निघून जातो. आता बाजारात बिघडलेलेच फोन अधिक उरतात. म्हणून घेणारा आपली किंमत आणखी उतरवितो. अशा रीतीने वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकून लावतो, आणि यात कोणीही कोणास उघड फसविलेले नसते.

दुकानदार बिल आणि डबा का मागतो हे आता ध्यानात येईल. डब्याची स्वतःची किंमत कवडीचीही नाही. पण डब्यावरील क्रमांक फोनवरील क्रमांकाशी जुळला, बिलावर तारीख व नाव सापडले, की अज्ञानाचा एक भाग दूर होतो, आणि त्या प्रमाणात किंमत चढते. म्हणून नवा फोन घेताच त्याचा डबा रद्दीत टाकणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. जुना देऊन नवा घेण्याच्या सौद्यात आणखी एक सावधगिरी हवी. ‘जुन्यावर इतकी सूट’ असे सांगितले जाते तेव्हा ती सूट जुन्या फोनच्या मोलाची आहे की नव्या फोनच्या चढवलेल्या किंमतीतून दिलेली आहे, हे कळत नाही. जुना फोन न देता नवा केवढ्यास मिळेल, आणि नवा न घेता जुन्याचे किती मिळतील, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

पुसले म्हणजे पुसले जाते काय?

किंमतीत दोनशे-चारशे रुपयांचा फेर पडला तर फारसे बिघडत नाही. फोनमध्ये राहून गेलेली माहिती मात्र घर बुडवू शकते. बँकेचे व्यवहार, कुटुंबाची छायाचित्रे, आधारपत्राची प्रत, खाजगी पत्रव्यवहार, हे सर्व त्या मुठीएवढ्या यंत्रात असते. पुष्कळ लोक छायाचित्रे एकेक करून काढून टाकतात व निर्धास्त होतात. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजण्यासाठी फोनची स्मृती कशी चालते हे पाहिले पाहिजे.

या स्मृतीस फ्लॅश स्मृती म्हणतात. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कोष्ठे असून प्रत्येकात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. त्यांच्या संख्येवरून माहिती वाचली जाते. वीज बंद केली तरी ते इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. एखादे छायाचित्र आपण काढून टाकले म्हणजे फोन त्याची अनुक्रमणिकेतील नोंद खोडतो. चित्र लगेच पुसले जातेच असे नाही. ग्रंथालयातील पुस्तकाची चिठ्ठी फाडली म्हणून कपाटातील पुस्तक नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. मग त्या जागी दुसरे काही लिहावे म्हटले तर तेथेही अडचण येते. ही कोष्ठे वारंवार लिहिण्याने झिजतात; म्हणून स्मृतीचा नियंत्रक झीज सर्वत्र सारखी वाटली जावी यासाठी प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो. आपण जुन्यावर लिहिले असे आपणास वाटते, पण जुने कोठेतरी तसेच राहू शकते.

यावर उपाय सांकेतिक लिपीचा आहे. गेल्या काही वर्षांतील बहुतेक फोन सर्व माहिती मुळातच सांकेतिक रूपात लिहितात, आणि तिची किल्ली फोनच्या एका सुरक्षित भागात ठेवतात. फोन कारखान्यातून निघाला त्या स्थितीस नेण्याचा, म्हणजे ‘फॅक्टरी रीसेट’चा, आदेश दिला असता ही किल्ली नष्ट केली जाते. मागे कोष्ठांत जे उरते ते किल्लीवाचून निरर्थक असते. मात्र फार जुन्या फोनमध्ये ही सोय नव्हती. तेथे आदेश देऊनही माहिती परत काढता येणे शक्य असते. असा फोन विकून येणारे चार पैसे त्या धोक्याच्या मानाने क्षुल्लक होत.

आदेश देण्यापूर्वी हवी ती माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि फोनवरील आपल्या खात्यांतून रीतसर बाहेर पडावे. हे विसरले तर चोरीविरुद्ध योजलेले कुलूप तसेच राहते, आणि नव्या मालकास फोन उघडताच जुन्या मालकाचा परवलीचा शब्द विचारला जातो. सिमकार्ड व स्मृतिकार्ड काढून घ्यावे. स्मृतिकार्ड तर बहुधा सांकेतिक केलेले नसतेच. हे सर्व घरी, स्वतःच्या हाताने करावे. ‘फोन असाच ठेवा, आम्ही साफ करून घेऊ, फक्त पिन सांगा’ असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. पडदा फुटल्यामुळे आदेश देणेच शक्य नसेल, तर आधी पडदा बदलून घ्यावा किंवा आपल्या खात्यातून दुरून पुसण्याचा आदेश द्यावा.

जो फोन विकला जात नाही

कोणीच घेत नाही असा फोन शेवटी भंगारात जातो. उत्तर-पूर्व दिल्लीतील सीलमपूर येथे अशा मालाची फोडाफोड अनेक वर्षे चालत आली आहे. त्यात मौल्यवान द्रव्ये आहेत यात शंका नाही. २०२१ साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांची पदके जपानी जनतेने दिलेल्या जुन्या उपकरणांपासून बनविली होती. ७८,९८५ टन उपकरणे आणि सुमारे ६२ लाख मोबाइल फोन जमा होऊन त्यांतून ३२ किलो सोने व ३,५०० किलो चांदी मिळाली. परंतु तेथे हे काम बंदिस्त कारखान्यांत झाले. आपल्याकडील गल्लीत तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि सोन्यासाठी पट्ट्या आम्लात बुडविल्या जातात. तारांवरील प्लॅस्टिक जळून निघणारा विषारी धूर, सांध्यांतील शिसे व आम्लाच्या वाफा, हे सर्व ते काम करणाऱ्याच्या आणि शेजारी खेळणाऱ्या मुलांच्या अंगात जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा निकामी फोन उत्पादकाच्या संकलन केंद्रावर किंवा नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडे द्यावा.

फुगलेल्या बॅटरीचा फोन असेल तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नये, दाबून पाठ बसविण्याचा प्रयत्न करू नये, आणि टोचून आतील वायू काढण्याचा तर मुळीच नाही. आतील द्रव ज्वालाग्राही असतो. असा फोन कागद-कपड्यांपासून दूर ठेवावा आणि केंद्रावर देताना बॅटरी फुगली असल्याचे तेथील माणसास आधी सांगावे.